उभे राहून विचारलेला जाब

निवडणूक जवळ आली की खुलताबादचे नाव महाराष्ट्रभर गाजते. गावाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सभा मुंबईत असो की नागपुरात, टाळी हवी असलेला वक्ता इथल्या औरंगजेबाच्या कबरीकडे बोट दाखवतो. मार्च २०२५ मध्ये कबर उखडण्याच्या मागणीवरून नागपुरात दंगल पेटली आणि इथे कबरीभोवती पत्रे आणि तारा लागल्या. खुलताबादवर घोषणा रचणाऱ्यांना तोटा नाही. पण खुलताबादच्या माणसाने, आपल्या दारात मत मागायला येणाऱ्यावर रचलेले गाणे कुठे ऐकू येते? उमेदवाराचे नाव घेऊन, चारचौघांत, लोकांना हसवत, यमकात बांधून त्याला जाब विचारण्याची एक रीत मराठी निवडणुकीत होती. ती आपण घालवली आणि तिच्या जागी एकीकडे घोषणा आणि दुसरीकडे आरती आणून बसवली. करमणुकीचा एक प्रकार गेला एवढ्यावर हे भागत नाही. मतदाराच्या हातातले एक हत्यार गेले, असे मी मानतो.

हे हत्यार बाहेरून आणलेले नव्हते. खुलताबादजवळच शूलिभंजनाचा डोंगर आहे, वर दत्ताचे देऊळ आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहिलेल्या एकनाथांनी इथे तप केले, अशी परंपरा आहे. याच नाथांनी मराठीला भारूड दिले. जोशी, वासुदेव, गोंधळी, आंधळा, मुका, भूत लागलेली बाई, विंचू चावलेला माणूस अशी सोंगे घेऊन त्यांनी लोकांना हसवले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत अंजन घातले. त्यातला जोहार हा प्रकार मला आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गावकामगार महार धन्यासमोर येतो, वाकून जोहार घालतो आणि गावाची खबर द्यायला लागतो. देह हे गाव, मन आणि बुद्धी, काम आणि क्रोध हे त्या गावाचे कारभारी. पाटील काय करतो, कुलकर्णी काय लिहितो, वसुली कोण गिळतो, याचा पाढा तो वाचतो. अर्थ अध्यात्माचा, पण तपशील सगळा गावगाड्याचा. समोर बसलेल्या पाटलाला राग येऊन उपयोग नसतो, कारण बोलणे देहाविषयी चाललेले असते. आणि मागे बसलेल्या रयतेला कुणाविषयी चालले आहे ते बरोबर कळते. कारभाऱ्याचा हिशेब सर्वांसमक्ष, सर्वांत खालच्या माणसाच्या तोंडून मांडायचा, ही कल्पना इथल्या मातीत साडेचारशे वर्षांपूर्वी रुजलेली होती. त्या माणसाला ते वाकून बोलावे लागत होते, आणि त्याच्या तोंडचे शब्द पैठणच्या एका ब्राह्मण संताने लिहिलेले होते, हेही विसरून चालणार नाही. पुढे त्याविषयी बोलायचेच आहे.

खुलताबादची दुसरी बाजूही गाण्याचीच. इथले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब हे समा म्हणजे भक्तिसंगीताचे वेडे. निजामुद्दीन औलियांची वचने टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिजझी इथेच विसावले, अठराव्या शतकातले गुलाम अली आझाद बिलग्रामीही इथेच. मराठवाड्यातली मुसलमान वस्ती जी दखनी बोलते तिच्यात थट्टेच्या शायरीची भरघोस परंपरा आहे. सुलेमान खतीब, सरवर डंडा यांची नावे हैदराबादकडच्या जुन्या माणसांना आजही माहीत असतात. म्हणजे भारुडाला हसणारा आणि दखनी शेराला हसणारा असे दोन्ही श्रोते एकाच पेठेत. निवडणुकीच्या गाण्याला याहून चांगली जमीन कुठली हवी होती?

पण इथे निवडणूकच नव्हती. हैदराबादच्या निजामांच्या, म्हणजे आसफजाही घराण्याच्या संस्थापकाची कबर खुलताबादेत आहे आणि त्या घराण्याचे राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे चालले. १९२९ च्या कुप्रसिद्ध गश्ती क्रमांक ५३ ने परवानगीशिवाय सभा घेण्याला बंदी केली. मग लोक बोलायचे कुठे? कीर्तनात, गणेशोत्सवाच्या मेळ्यात, आर्य समाजाच्या भजनात. ज्याला मत नाही त्याला गाणे, असा हा हिशेब. जगात इतरत्रही असेच दिसते. इंग्लंडमध्ये १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा होईपर्यंत मत उघडपणे द्यावे लागे, आणि ते बहुसंख्यांना नव्हतेच. त्या काळातल्या निवडणुकांत उमेदवारांची टर उडवणारी छापील गाणी रस्त्यावर विकली जात, आणि ती गाणाऱ्यांत मत नसलेल्यांची संख्या मोठी असे. मतदानाच्या पेटीपर्यंत ज्याचा हात पोचत नव्हता, त्याचा आवाज पोचत होता.

ब्रिटिश महाराष्ट्रात गोष्ट थोडी वेगळी घडली. १९२० पासून मर्यादित मताधिकारावर कौन्सिलच्या निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा सत्यशोधक जलसे आधीपासून गावोगाव फिरत होते. त्यांनी तमाशाची चौकट जशीच्या तशी उचलली आणि आतला माल बदलला. गणात देवाऐवजी निर्मिक आला आणि वगात सावकार, भिक्षुक, कज्जेदलाल यांची फजिती आली. ब्राह्मणेतर पक्षाला प्रचारासाठी नवे काही उभे करावेच लागले नाही. पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने गणेशोत्सवाच्या दिवसांत शहर हादरवले, आणि पुढे जेधे नगरपालिकेत गेले ते या गाण्यांनी जागवलेल्या पेठांच्या बळावरच. त्या मेळ्यातली काही पदे जातीवरून शिवीगाळ करणारी होती. ती मला आवडत नाहीत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली: ज्याला सभेत खुर्ची मिळत नाही, तो टिपरीच्या ठेक्यावर सभाच आपल्याकडे ओढून आणू शकतो.

यानंतर आले ते मात्र माझ्या मते या साऱ्या परंपरेचे शिखर. आंबेडकरी जलसा. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार १९३० च्या दशकात फिरू लागले, ते १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षासाठीही फिरले. त्या निवडणुकीत पक्षाने लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. कर्डकांच्या एका जलशाचे मोल बाबासाहेब आपल्या अनेक सभांइतके मानत, ही आठवण आंबेडकरी समाजात आवर्जून सांगितली जाते. या जलशांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर जोहार बंद केला. वाकून धन्याला खबर देणारा गावकामगार त्यांनी रंगमंचावरून काढून टाकला आणि त्याच्या जागी ताठ उभा राहून प्रश्न विचारणारा माणूस आणला. नाथांच्या भारुडात तोंड महाराचे होते आणि शब्द दुसऱ्याचे. इथे तोंडही त्याचे, शब्दही त्याचे आणि आता मतही त्याचे. या तिन्ही गोष्टी एका माणसात एकत्र येणे म्हणजेच लोकशाहीचे राजकीय गाणे. पुढे वामनदादा कर्डकांनी, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या माणसाने, उभा महाराष्ट्र पालथा घातला. देशातल्या धनिकांची नावे घेऊन आपला वाटा कुठे आहे असे विचारणारे त्यांचे गाणे मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत लोकांना तोंडपाठ आहे. त्यात एकही शिवी नाही. सरळ हिशेब मागितलेला आहे, आणि ऐकणारा हसतो ते हिशेब बरोबर लागल्याच्या आनंदाने.

याच सुमाराला मुंबईत, १९४४ साली, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंच्या वगांची नावे नुसती वाचली तरी विषय कळतो: ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’, ‘निवडणुकीतील घोटाळे’. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याला लोकनाट्य हे नाव देऊन त्यांनी काम चालू ठेवले. सरकारला भीती कशाची वाटली असेल? अश्लीलतेचे कारण दिले गेले, पण ‘शेटजीचे इलेक्शन’ अश्लील नव्हते. तमाशाच्या रचनेतच निवडणुकीला लागणारे सगळे असते. ढोलकीवर थाप पडली की माणसे जमतात, पत्रक वाटावे लागत नाही. नायकाला सतत टोकणारा, त्याच्या प्रत्येक मोठ्या शब्दाला खाली ओढणारा सोंगाड्या असतो. एक जण ऐटीत भाषण ठोकतो, दुसरा भाबडेपणाने विचारतो, ‘म्हंजी काय वो?’ आणि त्या एका प्रश्नात भाषणातली सगळी हवा निघून जाते. आणि सवाल-जवाब असतो. कलगी-तुऱ्याच्या रिवाजात सवाल टाकला की समोरच्याला त्याच यमकात उत्तर द्यावे लागे, नाहीतर हार मान्य करावी लागे. उमेदवाराने प्रश्न टाळून पुढे जाऊ नये, ही शिस्त आपल्या लोककलेने आधीच घालून दिली होती. आजच्या कुठल्याही दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत ती मला दिसत नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने, १९५२ ने, या गाण्यांच्या हाती आणखी एक देणगी दिली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. आपल्या माणसाच्या पेटीत मतपत्रिका टाकली की झाले. साक्षरतेचे देशाचे प्रमाण तेव्हा अठरा टक्क्यांच्या आसपास होते, म्हणून ही सोय. पण चिन्ह म्हणजे नुसती ओळख राहिली नाही, ते लगेच रूपक झाले. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे विळा-कणीस, जनसंघाची पणती. शेतकऱ्याच्या पोराला बैलांबद्दल काय कमी सुचणार? ओढतो कोण, कडबा कुणाच्या दावणीला पडतो, कासरा कुणाच्या हातात, पोळ्याला सजवून वर्षभर उपाशी कोण ठेवतो. पक्षाचा जाहीरनामा न वाचता त्या पक्षावर टीका करता येत होती, आणि ती टीका अडाणी म्हणता येणार नाही अशी नेमकी होती. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळाले तेव्हा विरोधकांना आई आणि मुलगा दिसायला वेळ लागला नाही. चिन्ह देणाऱ्या आयोगाच्या मनात हे नसणार. पण लोकांच्या हाती रूपक पडले की ते त्याला मोकळे सोडत नाहीत.

यावर माझे मित्र एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. या गाण्यांनी निवडणुका जिंकल्या का? १९५२ ला उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब नारायण काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी हरले. आंबेडकरी जलसा, एवढा जिवंत आणि एवढा मुरलेला, तेव्हाही होताच. १९५७ चे उदाहरण तर आपल्याच अंगणातले आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूला शाहिरांची अशी फळी होती की तशी पुन्हा झाली नाही. अमर शेखांचा पहाडी आवाज, अण्णा भाऊंच्या छकडी, आणि ज्यांनी ‘झेंडूची फुले’ मध्ये कवींची विडंबने करून हात साफ करून घेतला होता ते आचार्य अत्रे आता ‘मराठा’तून मंत्र्यांची विडंबने करत होते. पश्चिम महाराष्ट्र समितीने काबीज केला. पण द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसने जिंकल्या, आणि ते घडले गुजरात, विदर्भ आणि आपला मराठवाडा यांच्या पाठबळावर. औरंगाबादची लोकसभेची जागा काँग्रेसच्या स्वामी रामानंद तीर्थांनी जिंकली.

या निकालाकडे मी गाण्याचा पराभव म्हणून पाहत नाही, गाण्याची मर्यादा म्हणून पाहतो. मोरारजी देसाईंवर मुंबईत रचलेले पद तिथे पेटत होते, कारण तिथे गोळीबारात माणसे मेली होती आणि लोकांच्या मनात संताप आधीच भरलेला होता. तेच पद औरंगाबादच्या माणसाला सांगून काय होणार? त्याच्यासमोर मोरारजी नव्हते, निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केलेले, तुरुंग भोगलेले, स्वतःची मालमत्ता नसलेले एक संन्यासी होते, आणि मराठी मुलूख एक व्हावा असे म्हणणाऱ्यांतलेच ते होते. त्यांची टिंगल करणाऱ्यालाच लोक हसले असते. उपहासाला लक्ष्य निर्माण करता येत नाही. लोकांच्या मनात जी शंका चाचपडत असते तिला तो शब्द देतो, एवढेच त्याचे बळ. शंका नसेल तर तो वाया जातो, आणि हे मला त्याच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाण वाटते. पैशाने उभी केलेली जाहिरात खोटी प्रतिमा उभी करू शकते, खोटी शंका पेरू शकते. सर्वांसमोर उभे राहून गायलेल्या उपहासाला ते साधत नाही. समोरचा माणूस हसला नाही की शाहिराला जागच्या जागी कळते की आपले चुकले. ऐकणाराच इथे परीक्षक असतो.

मग त्याचे काम काय, जर मते मिळवणे नसेल? ज्याला पाच वर्षांनी एकदा सत्ता मागायला खाली यावे लागते, त्याला ते खाली येणे जाणवून द्यायचे. निवडणुकीच्या पंधरवड्यात तरी गावातला शेवटचा माणूस आणि आमदारकीचा दावेदार एका पातळीवर उभे असले पाहिजेत, आणि हसण्याइतकी ही पातळी दुसरे काहीच आणत नाही. भाषणाला टाळ्या वाजवणारा श्रोता खालीच राहतो. पदावर हसणारा श्रोता वक्त्याच्या बरोबरीला येतो.

नेमके इथेच आपल्या जिल्ह्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेगळे वळण घेतले. औरंगाबाद महानगरपालिकेच्या पहिल्या निवडणुकीपासून, म्हणजे १९८८ पासूनच्या त्या काळात ‘खान की बाण’, म्हणजे मुसलमान उमेदवार की शिवसेना, ही घोषणा शहरात आणि मग जिल्ह्यात घुमली. तीन शब्द, पक्के यमक, उच्चारायला सोपे, विसरायला अशक्य. कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर निवडणुकीतल्या मराठी घोषणांत तिच्या तोडीची फार थोडी सापडतील. तिचा परिणामही झाला. १९८९ ला शिवसेनेचे मोरेश्वर सावे लोकसभेवर गेले, आणि पुढे तीस वर्षांनी, २०१९ ला, एमआयएमचे इम्तियाज जलील पाच हजारांहून कमी मताधिक्याने जिंकले तेव्हाही सगळी लढत त्याच तीन शब्दांत मांडली गेली. हिला मी उपहासकाव्याच्या घराण्यात घेत नाही. यमक आहे म्हणून ती त्या कुळातली ठरत नाही. बैलजोडीवरचे पद मतदाराला सत्तेकडे पाहायला सांगत होते. ही घोषणा त्याला शेजाऱ्याकडे पाहायला सांगते. त्या पदात विचारलेला प्रश्न होता, तुम्ही आमच्यासाठी काय केले? या घोषणेतला प्रश्न आहे, तू कोण? आणि त्याला उत्तर एकच असते, ते जन्माने ठरलेले असते, त्यात पाच वर्षांच्या कारभाराला जागाच नाही. कोणत्याही पक्षाचा सत्ताधारी अशा यमकामागे सुखाने लपू शकतो. नळाला पाणी किती दिवसांनी येते हे त्याला कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याचा आधी जात-धर्म तपासला जातो. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना ती घोषणा सोयीची झाली, म्हणून तर ती इतकी टिकली.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ ने धर्माच्या नावाने मत मागणे आणि उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे पसरवणे हे दोन्ही भ्रष्ट आचार ठरवले आहेत. १९८७ च्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षे गेला. कायद्याने आखलेली ही रेषा मला गाण्यालाही पुरेशी वाटते. माणसाने सत्तेत असताना जे केले त्याची हवी तेवढी टर उडवा. तो ज्या घरात जन्मला त्याची नको. अत्र्यांनी ही रेषा पुष्कळदा ओलांडली. त्यांच्या लेखणीने काही माणसांच्या अंगावर, रूपावर, खासगी आयुष्यावर ओरखडे काढले, आणि आपण त्याला विनोद म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्यांचे मोठेपण मान्य करूनही, ते ओरखडे त्यांच्या सर्वांत कमकुवत लेखनाचा भाग आहेत असेच मी म्हणेन. वामनदादांचा हिशेब आज गायला तरी बोचतो, त्या वेळच्या वैयक्तिक शेऱ्यांचा संदर्भही आता सांगावा लागतो.

दुसरीकडे आपण उपहासाला माणसाळवूनही टाकले. पाडगावकरांनी वात्रटिका रूढ केली, रामदास फुटाण्यांनी ती व्यासपीठावर नेली, आणि आज प्रत्येक वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज एक वात्रटिका असते. मी त्या आवडीने वाचतो. पण त्यांच्यातल्या बहुतेकांचे लक्ष्य ‘नेते’ नावाचा एक सर्वसाधारण प्राणी असतो: तो खातो, तो फिरतो, तो पक्ष बदलतो. त्याला नाव नसते, मतदारसंघ नसतो, प्रभाग नसतो. सगळेच चोर म्हटले की कुणालाच हिशेब द्यावा लागत नाही, आणि ऐकणारा हसून घरी जातो तो मत न देण्याचे कारण घेऊन. जलशात असे नव्हते. तिथे हसून झाले की काय करायचे हे शेवटच्या कडव्यात असे: कुठल्या पेटीत मत टाकायचे, हे. पु. ल. देशपांड्यांनी सेवा दलाच्या कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले तेव्हाही त्या वगामागे एक संघटना होती, कार्यकर्ते होते, काही करू मागणारी तरुण मुले होती. आणि तोच लेखक १९७७ ला आणीबाणीविरुद्ध व्यासपीठावर प्रत्यक्ष उभा राहिला. विनोदाने बाजू घ्यायची तयारी ठेवली की तो विनोद किती गंभीर होतो, हे त्या निवडणुकीत महाराष्ट्राने पाहिले.

आता प्रचाराचे गाणे म्हणजे काय राहिले आहे ते खुलताबादच्या नगारखाना दरवाजाखालून जाणारी कुठलीही प्रचारगाडी सांगेल. टेम्पोवर चारही बाजूंनी फ्लेक्स, मागे जनरेटर, पुढे दोन भोंगे. चाल एखाद्या गाजलेल्या सिनेगीताची. शब्दांत भाऊ, दादा, साहेब, वाघ, विकासपुरुष. कडव्यांच्या मध्ये नाव घालायला जागा सोडलेली. त्याच चालीवर आणि जवळजवळ त्याच शब्दांवर शेजारच्या तालुक्यातला, शेजारच्या पक्षाचा उमेदवारही वाघ असतो. गाणारा कोण हे कुणाला ठाऊक नसते, आणि विचारायला तो समोर नसतोच. ही आरती आहे, आणि आरतीत प्रश्न विचारायचा नसतो. वाहिन्यांवरच्या गीतांना आधी माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी लागते. २०२४ ला शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या मशालगीतातले ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढा असे आयोगाने सांगितले आणि पक्षाने नकार दिला, तो वाद गाजला. मला त्या वादात एवढेच दिसले की दोन्ही बाजूंचे भांडण चिन्हाच्या स्तुतीतल्या शब्दांवरून होते. सत्ताधाऱ्याचा कारभार त्या गाण्याचा विषयच नव्हता, इतरांच्या गाण्यांचाही नव्हता. थट्टा राहिली ती मोबाईलवर, बिननावाची. तिच्यात बुद्धी असते, पण रचणारा पडद्याआड. ज्याच्यावर ती केली त्याला उलट जाब देता येत नाही आणि ऐकणाऱ्याला रचणाऱ्याची नियत जोखता येत नाही. भीमराव कर्डक गावात येत तेव्हा रात्री तिथेच जेवत, आणि सकाळी ज्याच्यावर गायले त्याच्या दारावरून जावे लागे. त्या धोक्यामुळे शब्द जपून वापरला जाई आणि म्हणूनच तो लागे.

मी कुणा थोर शाहिराची वाट पाहायला सांगत नाही. मोठ्या निवडणुकांत पैसा एवढा आहे की तिथे ढोलकी ऐकू येणार नाही. पण नगर परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका अजून चालत जाऊन लढवता येतात. खुलताबादसारख्या गावात तर गायची कारणे पायाशी आहेत. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला संभाजीनगरहून, म्हणजे आधीच्या औरंगाबादहून, रात्रभर चालत हजारो माणसे येतात, सूफी संत जरजरी जर बक्षच्या उरुसालाही मोठी गर्दी उसळते, वेरूळचे पर्यटक इथूनच जातात. एवढ्या पायांनी येणारा पैसा गावातल्या गटारापर्यंत का पोचत नाही, हा हिशेब आहे. कबरीवर बाहेरचे पुढारी बोलतात तेव्हा कबरीजवळच्या फुलविक्याचा आणि चहावाल्याचा धंदा किती दिवस बसतो, हाही हिशेब आहे. गावच्या एखाद्या भजनी मंडळातली आणि कव्वालीच्या बैठकीतली चार पोरे एकत्र आली तर हे मराठीतही गाता येईल आणि दखनीतही, एकाच ढोलकीवर. आणि दोन्ही भाषांतला श्रोता एकाच ओळीला हसला तर ‘खान की बाण’ला त्याहून चांगले उत्तर मला तरी सुचत नाही. कायदा आड येत नाही. लागते ती मोकळी जागा, परवानगीचा एक अर्ज आणि सवाल-जवाबाची जुनी शिस्त: प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला आधी कळवायचे, त्याचा सवाल त्याच्यासमोरच गायचा, आणि जवाब देण्यासाठी त्याला किंवा त्याच्या गाणाऱ्याला तितकाच वेळ द्यायचा. उमेदवार आला नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून सवाल गायला हरकत नसावी.